वखारीची लाईन

तात्याला इंग्रजी म्हणून एकच शब्द येत होता आणि तेवढ्यावर त्यानं जन्म काढला. तो शब्द म्हणजे लाईन.

तो विजेच्या खात्यात लाईनमन, तेव्हा तारेला लाईन म्हणायचा हे ठीकच. पण नळावर बादल्या लागल्या की ती लाईन. कपाळावर आठ्या पडल्या की त्या लाईनी. कुणाचा पोरगा वाया गेला की ‘त्याची लाईन बिघडली’, नोकरीला चिकटला की ‘आला लाईनीवर’. कुणी कामधंदा विचारला तर ‘आपली खांबाची लाईन’, आणि जावयानं बोलताना फाटे फोडले की ‘जावईबापू, लाईनीवर बोला’. लग्नाआधी बायकोच्या गल्लीत तो रोज एका खांबावर चढून काहीतरी पिळत बसायचा, त्यालाही गल्लीतली पोरं लाईनच म्हणायची. सासऱ्यानं पुढं चौकशी केली तेव्हा कळलं, तो खांब टेलिफोनचा होता. विजेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

तात्याची लेक शाळेत इंग्रजी शिकवते. माहेरी आली असताना एकदा ती जाडजूड डिक्शनरी घेऊन बापापुढं बसली. म्हणाली, तुमच्या ह्या एका शब्दाला पानभर अर्थ आहेत. आणि वाचायला लागली. कागदावरची रेघ, मासे धरायचा दोर, दोन मुलखांमधली हद्द, नाटकातलं वाक्य, घराण्याची पिढी. तात्या पंख्याचं बटण दुरुस्त करता करता ऐकत होता. वाचून संपलं तसा म्हणाला, “एक राहिला.”

“कोणता?”

“फोनवर पलीकडं बसलेलं माणूस.”

लेक म्हणाली, असा अर्थ कुठंच नाही. तात्या म्हणाला, मग पुस्तक अर्धवट आहे.

आत तात्याची बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिथूनच तिनं ऐकवलं, “पुस्तकाला नावं ठेवताय, पण त्या माणसाला जाऊन सांगितलंत का अजून?”

तात्या बटणात डोकं घालून बसला. हा प्रश्न त्याच्या घरात मीठमिरचीसारखा रोजचा होता.

तर ते पलीकडचं माणूस म्हणजे सबस्टेशनच्या ताई. गावाबाहेर तारेच्या कुंपणात मोठमोठे ट्रान्सफॉर्मर घुमत असतात, तिथल्या खोलीत बसून त्या गावाच्या लाईनी बंद-चालू करायच्या. तात्यानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. नोकरीभर दिवसातून चार वेळा बोलणं, पण ते फोनवर. आवाज जाड, कोरडा, कामापुरता. त्या आवाजावरून तात्यानं मनाशी एक उंच, धिप्पाड बाई उभी केली होती आणि तिला तो मनातही उभाच राहून बोलायचा.

ह्या कामाची एक रीत असते. ज्यानं लाईन बंद करून घेतली, त्यानंच ती परत मागायची. दुसऱ्या कुणी नाही. लाईनमननं फोनवर सांगायचं, अमुक लाईन, माणूस खाली, हत्यारं खाली, साखळी काढली, लाईन द्या. साखळी म्हणजे काम चालू असताना तारेला अडकवून जमिनीत पोचवलेली जाड तार. चुकून वीज आलीच तर ती माणसातून न जाता साखळीतून जमिनीत जावी, म्हणून. तर लाईनमननं हे सांगायचं, सबस्टेशननं ते सगळं शब्दाला शब्द परत म्हणायचं, मग लाईनमननं ‘बरोबर’ म्हणायचं. त्या ‘बरोबर’शिवाय खटका वर जायचा नाही.

रीत सगळ्यांना माहीत. पाळायचे कमी. बाकीचे ऑपरेटर ‘हं, हं, दिली’ म्हणून मोकळे व्हायचे. ताई मात्र शब्द न् शब्द परत म्हणायच्या. तात्यानं घाईत ‘हत्यारं खाली’ गाळलं तर गप्प राहायच्या, तो आठवून म्हणेपर्यंत. लाईनमन लोक वैतागायचे. त्यांत सगळ्यात जास्त तात्याचा जोडीदार. त्याला सगळे धांदल म्हणत, आणि का म्हणत हे तो सायकलवरून उतरतानाच दिसायचं. सायकल थांबायच्या आधी हा उतरलेला असायचा.

वाऱ्यावावदानाच्या एका सकाळी लाकडाच्या वखारीमागं झाडाची फांदी लाईनीवर पडली. लेक तेव्हा शाळेत जाण्याएवढीही नव्हती. तात्या आणि धांदल गेले. खिशात मोबाईल येण्याआधीचे दिवस, म्हणून वखारीच्या ऑफिसातून तात्यानं ताईंना फोन लावला, लाईन बंद करून घेतली, मागं जाऊन साखळी अडकवली आणि खांबावर चढला. फांदी काढली, तुटलेली तार जोडली, उतरला, साखळी काढून गुंडाळली. धांदलला म्हणाला, “हो पुढं, मी आलोच.” धांदल पुढं झाला. त्याला पुढं हो म्हणायची गरजच नसायची.

तात्यानं हत्यारं गोळा केली आणि जाता जाता सवयीनं वर पाहिलं. तार चिनीमातीच्या कपाला बांधलेली असते, त्या बांधणीचा शेवटचा पीळ सैल दिसत होता. पुन्हा वारा सुटला की सुटणार. दोन पिळांचं काम. साखळी पुन्हा कुठं अडकवत बसायचं, लाईन तर बंदच आहे, ताईंकडं फोन तर मीच करणार. असा हिशोब करून तात्या पक्कड तोंडात धरून वर गेला. बिनसाखळीचा. लाईनमननं करू नये ते हेच, आणि प्रत्येक लाईनमन कधी ना कधी करतो तेही हेच.

तिकडं ऑफिसात धांदलला वखारवाल्यानं घेरलं. मोठ्या करवतीत ओंडका निम्मा कापून अडकला होता, कामगार हातावर हात ठेवून बसले होते. झालं का, झालं का, असा त्यानं लकडा लावला. ऑफिसातून मागचा खांब दिसत नव्हता. धांदलनं विचार केला, तात्या खाली आला, साखळी निघाली, राहिलं काय? त्यानं फोन उचलला आणि सांगून टाकलं, वखारीचं काम झालं, लाईन द्या.

ताईंनी विचारलं, कोण बोलतंय. म्हणाला, जोडीदार. ताई म्हणाल्या, ज्यांनी बंद करून घेतली त्यांना द्या फोन. धांदल म्हणाला, ते येतातच आहेत, हात धुताहेत. ताई म्हणाल्या, “मग हात धुऊन येऊ द्या.”

वखारवाल्यानं फोन हिसकावला. त्यानं ताईंची सात पिढ्यांपासून चौकशी केली. ताईंनी ऐकून घेतलं आणि तेच सांगितलं. मग त्यानं खात्याच्या साहेबाला फोन लावला, साहेबानं तिकडून ताईंना. साहेब म्हणाला, मी सांगतोय, द्या लाईन. त्यावर ताई जे बोलल्या ते पुढं खात्यात सगळीकडं झालं. म्हणाल्या, “साहेब, तुम्ही बंद करून घेतली नव्हती.”

एवढं सगळं होईपर्यंत तात्या सैल पीळ आवळून, मोकळ्या तारेला हाताचा तळवा टेकून, वरून वखारीची पत्र्याची छपरं बघत होता. वाऱ्यानं घाम वाळत होता, बरं वाटत होतं. मग रमतगमत उतरला आणि ऑफिसात आला तो शिव्यांच्या माऱ्यातच. कसली बाई बसवलीय तुम्ही लोकांनी, माझं नुकसान कोण भरून देणार, साहेबालासुद्धा जुमानत नाही. खांबावरून उतरलेल्या माणसाला आधीच तहान लागलेली असते. तात्याचंही डोकं सणकलं. फोन उचलून त्यानं ताईंना धारेवर धरलं. म्हणाला, तुमच्या आडमुठेपणापायी इथं आम्हाला लोकांच्या शिव्या खाव्या लागतात, जोडीदार काय परका आहे का, जरा माणसासारखं वागत चला.

ताईंनी त्याला पुरतं बोलू दिलं. मग ताई म्हणाल्या, “झालं बोलून? आता कामाचं बोला.”

तात्यानं दात खाऊन कामाचं सांगितलं. ताईंनी शब्दाला शब्द परत म्हटलं. तात्या म्हणाला, बरोबर. खटका वर गेला आणि अंगणातली करवत किंचाळली.

खरी गोष्ट कळली ती चहाच्या टपरीवर. धांदल हसत हसत सांगत होता, काय खडूस बाई आहे, मी आल्या आल्याच म्हटलं काम झालं, तरी देईना. तात्यानं ग्लास तोंडाला लावला होता. तो तसाच धरून विचारलं, आल्या आल्या म्हणजे कधी?

“म्हणजे तू हत्यारं भरत होतास तेव्हा.”

“मी हत्यारं भरत नव्हतो. मी वर होतो.”

धांदलचं हसू तोंडावरच राहिलं. त्यानं तात्याच्या हाताकडं पाहिलं, तात्यानंही पाहिलं. धांदल बाकावरून उठला, टपरीच्या मागं गेला आणि भडाभडा ओकला. परत येऊन बसला. दोघांनी आयुष्यात पहिल्यांदा सावकाश चहा घेतला.

त्याच वेळी उठून ताईंना फोन करायचा होता. तात्याला ते कळत होतं. पण तासाभरापूर्वी जिला माणसासारखं वाग म्हणून सुनावलं, तिला आता काय तोंडानं सांगायचं, की बाई, तू माणसासारखी वागलीस म्हणून मी हा चहा पितोय? उद्या करू म्हणाला. उद्या साहेबानं ताईंना बोलावून सगळ्यांदेखत झापलं, आणि त्यांचं नाव पडलं अडेलबाई. आता सांगावं तर बिनसाखळीचं चढलेलंही सांगावं लागणार, दोघांच्याही नोकरीवर गदा येणार. जीभ रेटेना. दिवस जाऊ लागले तशी गोष्ट सांगायला सोपी व्हायच्या ऐवजी जडच होत गेली.

बायकोला मात्र त्यानं त्याच दिवशी सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. त्याचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, बाजारात भाजी निवडावी तसे, आणि म्हणाली, “त्या बाईंना सांगून या.” तेव्हापासून ती म्हणतेच आहे. लेक पहिल्यांदा शाळेत गेली, तेव्हा म्हणाली. घरावर दुसरी खोली चढली, तेव्हा. लेकीच्या लग्नात जावयाच्या शेजारी तात्या ऐटीत उभा होता, तेव्हाही तिनं जाता जाता कोपरानं ढोसलं. आणि तात्याला ते पटायचं. रोज सकाळी डबा घेऊन निघताना, पायरीवर बसून बूट बांधताना, त्याच्या मनात येऊन जायचं की हे जगणं वरचं आहे. ताईंनी अडवून धरलं म्हणून मिळालेलं. त्यानंतर तो कधी बिनसाखळीचा चढला नाही, आणि ताईंना फोनवर सांगताना एकही शब्द कधी गाळला नाही. तेवढंच काय ते त्याचं आभार मानणं. ताईंना ते कळायचं कारण नव्हतं.

तात्या निवृत्त झाला. फोन संपले. आणि एक दिवस दुपारी धांदल दारात आला. अजूनही गाडी थांबायच्या आधी उतरायचाच, आता सायकलऐवजी मोटरसायकल होती एवढंच. म्हणाला, ताईंची आज शेवटची ड्युटी आहे, संध्याकाळी चार्ज देणार आणि उद्या भावाकडं कायमच्या निघून जाणार, दूर कुठंतरी.

तात्याच्या आधी बायको उठली. कपाटातून तिनं एक उशी काढली. खुर्चीवर ठेवायची, चौकोनी, चार कोपऱ्यांना बंद लावलेली. म्हणाली, जन्मभर लोखंडी खुर्चीवर बसल्या असतील, त्यांच्यासाठी कधीची शिवून ठेवलीय, तुम्हीच जात नव्हता. धांदल म्हणाला, “वहिनी, निवृत्तीच्या दिवशी खुर्चीची उशी?” तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो गाडी चालू करायला बाहेर पळाला.

सबस्टेशनचं फाटक, मग खडीचा रस्ता, मग खोली. धांदल फाटकातच थांबला. त्याची आत जायची छाती नव्हती. तात्या उशी काखेत मारून दारात गेला. भिंतभर दिवे लागलेलं पॅनल, टेबल, त्यावर दोन फोन. टेबलाशी एक नवीन पोरगी बसून काम समजून घेत होती. आणि तिच्या शेजारी उभी होती एक बुटकी, किडकिडीत बाई, गळ्यात दोरीनं चष्मा अडकवलेला. तात्या त्या धिप्पाड बाईला शोधत राहिला. मग ह्या बुटक्या बाईनं वाजलेला फोन उचलला आणि आवाज निघाला तो तोच, जाड, कोरडा, शब्द न् शब्द परत म्हणणारा.

तिनं तात्याला पाहिलं, फोन कानाला तसाच ठेवून हातानं बाकाकडं खूण केली आणि त्याचा बोलायचा भाग झाकून म्हणाली, “बिलाची तक्रार असेल तर गावातल्या ऑफिसात. इथं नाही.”

तात्या काखेतली उशी सावरत उभा राहिला. ओळख नसलेल्या बाईपुढं एवढी मोठी गोष्ट कशी काढायची? ओळख होती ती फक्त आवाजाची. तो मान हलवून माघारी फिरला. फाटकाशी धांदलनं त्याच्या काखेतली उशी पाहिली आणि कपाळावर हात मारला. म्हणाला, तात्या, आज नाही सांगितलंस तर मेल्यावर माझ्या मानगुटीवर बसशील, मला माहीत आहे.

तात्या फाटकाला टेकून उभा राहिला. मग त्यानं मोबाईल काढला. नंबर बघायची गरज नव्हती, बोटांना पाठ होता.

“सबस्टेशन.”

“ताई, मी बोलतोय.”

आवाज ओळखून ताई म्हणाल्या, “बोला. पुष्कळ दिवसांनी. कोणती लाईन?”

तात्याला एकदम सोपं वाटलं. पाठ सरळ झाली, शब्द आपोआप रांगेला लागले. “वखारीची लाईन. खांबावरचा माणूस खाली उतरला. सुखरूप उतरला. तुमच्यामुळं उतरला.”

“कोणता माणूस? वखारीवर आज कुणी नाही.”

“आज नाही, ताई. तुम्हाला साहेब बोलला होता त्या दिवशी. जोडीदारानं लाईन मागितली तेव्हा मी वर होतो. साखळी काढलेली होती. हात तारेला होता. आणि खाली येऊन मी तुम्हालाच बोललो.”

ट्रान्सफॉर्मर घुमत होते, ते फोनमधूनही ऐकू येत होते आणि कुंपणाच्या आतूनही. धांदलनं जमिनीकडं पाहत टोपी काढली.

मग ताई म्हणाल्या, “इतकी वर्षं तोंडात काय धरलं होतं? पक्कड?”

“तसंच समजा.”

“मी आपली समजत होते, लोक म्हणतात ते खरं असेल. उगाच अडून बसले त्या दिवशी. निम्म्या गावाला विजेविना ठेवलं, कुणासाठी, तर कुणासाठीच नाही.” आवाज तसाच कोरडा होता. “घरी जाऊनसुद्धा मी स्वतःला तेच म्हणायचे. अडेलबाई.”

“ताई, परत म्हणा.”

“काय?”

“मी सांगितलं ते. परत म्हणायचं असतं ना.”

ताईंनी रीतीप्रमाणं म्हटलं. “वखारीची लाईन. माणूस खाली उतरला. सुखरूप उतरला.”

“पुढचं राहिलं.”

“पुढचं कामाचं नाही.”

“अर्धं म्हटलेलं चालत नाही, तुम्हीच शिकवलंत. पूर्ण म्हणा. नाहीतर मी काही लाईन सोडत नाही.”

ताई हसल्या. एवढ्या वर्षांत तो आवाज हसताना तात्यानं पहिल्यांदा ऐकला आणि फाटकापाशी उभ्या उभ्या त्यालाही हसू फुटलं. मग त्या सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, “माझ्यामुळं उतरला.”

“बरोबर,” तात्या म्हणाला.

फोन बंद झाला नव्हता. ताई म्हणाल्या, खिडकीतून दिसताय मला, काखेत काय धरलंय, या आत. आणि तो दुसरा कोण आहे टोपी हातात घेऊन, त्यालाही आणा, हात धुऊन.

धांदल खरोखरच कोपऱ्यातल्या नळावर हात धुवायला गेला.

आत ताईंनी उशी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, बंद ओढून पाहिले. शिवण कुणाची, म्हणाल्या. तात्यानं सांगितलं. त्यांनी उशी खुर्चीला चारी बंदांनी पक्की बांधली आणि त्या खुर्चीवर बसल्या. ड्युटी संपायला थोडा वेळ होता. तेवढा वेळ त्या उशीवर बसूनच त्यांनी आलेले फोन घेतले, शब्द न् शब्द परत म्हणत. मध्येच नव्या पोरीकडं वळून त्यांनी तात्याकडं बोट केलं. म्हणाल्या, “रीत का पाळायची विचारत होतीस ना सकाळी? हे बघ. बाकावर बसलंय.”

चार्ज देऊन झाल्यावर त्यांनी उशी सोडून घेतली आणि पिशवीत घातली. पोरीला म्हणाल्या, खुर्ची तुझी, उशी माझी.

घरी बायको दारातच उभी होती. तात्यानं काही सांगायच्या आधी तिनं त्याची रिकामी काख पाहिली आणि आत वळली. हातपाय धुऊन घ्या म्हणाली, आणि त्या दिवसानंतर तिनं तो प्रश्न परत कधी विचारला नाही. लेकीला मात्र तात्यानं रात्री फोन करून सांगितलं, त्या तुझ्या पुस्तकात पेनानं लिहून टाक, राहिलेला अर्थ. लेक म्हणाली, डिक्शनरीत असं लिहीत नसतात, बाबा. पण तिनं लिहिला. पानाच्या कडेला, बारीक अक्षरात, एकाच लाईनीत.